बत्तीस जीबीची फळी

इंचीच्या बाबांनी तिच्या कामाच्या अकरा वर्षांत तिला चार वेळा "चालेल" म्हटलं होतं. त्यातलं एक चहाबद्दल होतं. म्हणजे कामाबद्दल तीनच. "छान", "वा" वगैरे शब्द बाबांकडे नव्हतेच. पॉलिशकाकांचं म्हणणं असं, की ते होते एकेकाळी, पण बाबांनी ते कुठल्यातरी कपाटाच्या मागे ठेवले आणि वरून प्लाय ठोकून टाकला.

बाबा कपाटं करायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. पॉलिशकाका त्या कपाटांना पॉलिश करायचे, आणि इंची बाकी सगळं करायची. लहानपणी ती कारखान्यात आली तेव्हा कामाच्या टेबलापेक्षा बरोब्बर एक इंच बुटकी होती, म्हणून इंची. आता ती एकोणतीस वर्षांची होती आणि टेबल तिच्या कमरेला लागत होतं, पण नाव बदलायला कुणाला सवड झाली नव्हती.

ह्या कारखान्यात एक रीत होती. ज्याने एखादं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर केलं, त्याने त्या कामावर पेन्सिलीने आपली खूण करायची, आणि ती अशा जागी की कुणाला कधी दिसणार नाही. शेवटच्या फळीच्या खाली, नाहीतर ड्रॉवरच्या पाठीला. बाबांची खूण म्हणजे एक पाय नसलेली खुर्ची. पॉलिशकाकांची खूण म्हणजे एक लाट. त्यांनी आयुष्यात एकच स्टूल बनवलं होतं, त्याच्या खाली अभिमानाने लाट काढली होती आणि मग हाताच्या सवयीने लाटेवरच पॉलिश मारून टाकलं होतं.

इंचीला खूण नव्हती. वहीभर खुणा तिने काढून ठेवल्या होत्या, त्यातल्या दोन तर फारच झोकदार होत्या. पण बाबांची अट साधी होती: "मला एकदाही तोंड उघडावं न लागता पुरं झालेलं एक काम दाखव." ही अट कुठल्याही माणसाला जड गेली असती. बाबा असे, की लोक लग्नाच्या फोटोत वधूवर बघतात तेव्हा ते मागच्या दाराची चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते बघतात.

आणि मग एका गुरुवारी कॉम्प्युटर रडायला लागला.

तो कॉम्प्युटर कारखान्याच्या कोपऱ्यात होता. आणला तेव्हा दुधाच्या रंगाचा होता, आता तो चहाच्या रंगाचा झाला होता. त्याचं काम एकच. मापं टाकली की एका मोठ्या फळीतून किती तुकडे निघतील ह्याचा तो हिशोब करायचा आणि जाड केबलमधून कटिंग मशीनला सांगायचा. त्या जाड केबलचं भोक नव्या कॉम्प्युटरला नसतं. आणि तो प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी कधीच बंद पडलेली. म्हणजे हा डबा गेला, तर मशीन म्हणजे पंधरा मणाचं टेबल. सोमवारपासून एका वाचनालयाची बेचाळीस कपाटं कापायला घ्यायची होती.

कॉम्प्युटरच्या पोटातून आवाज येत होता. टक्. टक्. खर्र.

बाबांनी डब्याला कान लावला. मग बोटाच्या पेराने त्यावर तीन ठिकाणी टकटक केलं आणि निदान सांगितलं, "वाळवी."

"हार्ड डिस्क जातेय, बाबा," इंची म्हणाली. "बदलावी लागेल. प्रोग्रॅमची सीडी आहे आपल्याकडे. दुसरी डिस्क घालायची, तिचे खण पाडायचे, प्रोग्रॅम परत टाकायचा."

"खण?"

"डिस्क कोरी असते. अख्खं कपाट, पण आत एक फळी नाही. आधी त्यात खण करावे लागतात. एक प्रोग्रॅमचा, एक मापांचा."

एवढं ऐकल्यावर बाबांना हा विषय चांगल्या घरातला वाटायला लागला. "कोण करतं हे?"

"मी करते," इंची म्हणाली. आणि मग तिला काय झालं कोण जाणे, ती पुढेही बोलली. "सगळं. पहिल्यापासून. तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही."

पॉलिशकाकांच्या हातातलं फडकं खाली पडलं. बाबांनी तिच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "बघू."

* * *

दुरुस्तीवाल्याने वापरलेली एक डिस्क दिली, चाळीस जीबीची. सोबत सल्लाही दिला: "हा डबा फेका हो." हा सल्ला तो गेली सात वर्षं देत होता आणि डब्याला आता तो कौतुकासारखा वाटत असावा.

"एक गोष्ट," तो म्हणाला. "तुमच्या कॉम्प्युटरला बत्तीसच्या पुढे मोजता येत नाही. चाळीस दिसली की तो बिचारा सुरू होतानाच गोठून बसेल. म्हणून डिस्कच्या मागच्या दोन पिनांवर ही टोपी चढवायची. मग डिस्क सांगते, मी बत्तीसचीच आहे."

"खोटं सांगते?"

"वय लपवते म्हणा."

टोपी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा प्लास्टिकचा तुकडा, आत तांब्याची बारीक पट्टी. दोन पिना एकमेकींना जोडायच्या, एवढंच तिचं काम. इंचीने शुक्रवारी सकाळी डबा उघडला. आत इतका भुसा निघाला, की जुनी डिस्क बाहेर काढायला आधी ती उकरावी लागली. तिने नवी डिस्क हातात घेतली, चिमट्यात टोपी धरली, आणि त्याच क्षणी पॉलिशकाकांना शिंक आली.

टोपी खाली पडली. खाली म्हणजे लाकडाच्या कारखान्यातल्या जमिनीवर, जिथे आठवड्याचा भुसा घोट्याएवढा साठला होता.

तिघांनी भुसा चाळला. पहिल्या तासात त्यांना सापडल्या त्या वस्तू अशा: सदतीस खिळे, बाबांचं हरवलेलं चष्म्याचं एक भिंग, कुणाचातरी दात, आणि एक जिवंत गोगलगाय, जी कुठून आली हे कुणालाच सांगता येईना. टोपी नव्हती.

बाबांचं तोंड उघडायला लागलं.

"बोलू नका!" इंची ओरडली.

तिने कोपऱ्यातून शिसमाची एक कपची उचलली. सगळ्यात बारीक पटाशी घेतली. भिंग डोळ्याला लावलं, बाबांचंच, नुकतंच सापडलेलं. तासाभराने तिच्या चिमट्यात शिसमाची एक टोपी होती. आत दोन भोकं, भोकांना जोडणारी तांब्याच्या तारेची ठोकून सपाट केलेली पट्टी. कडा गोलसुद्धा केल्या होत्या, कारण कडा गोल न करता कुठलीही वस्तू ह्या कारखान्याबाहेर जात नसे, मग ती डब्यातच का जाईना.

"पॉलिश?" काकांनी आशेने विचारलं.

"आतून नको. वीज अडेल."

"बाहेरून तरी?"

त्यांचा चेहरा बघून तिला नाही म्हणवेना. काकांनी एक केस असलेल्या ब्रशने त्या दाण्यावर तीन हात पॉलिश मारलं, प्रत्येक हातानंतर फुंकर घालून. मग टोपी पिनांवर बसली. कट्कन, जशी चांगल्या जोडात लाकडाची चूल सालात, म्हणजे तिच्या खाचेत, बसते तशी. कॉम्प्युटर सुरू झाला आणि पडद्यावर आकडा आला: बत्तीस.

 बाबांनी भिंग परत मागितलं नाही.

इथवर सगळं इंचीच्या बाजूने होतं, आणि म्हणूनच तिने पुढची चूक केली. तिने खण पाडायचा प्रोग्रॅम सुरू केला. बाबा मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "गाठी बघितल्यास का?"

खरं तर हे तोंड उघडणं होतं. पण इंचीच्या ते लक्षातच आलं नाही, कारण ती चिडली. "बाबा, हे लाकूड नाही."

बाबांनी पेन्सिल कानामागे खोचली.

तिने अख्ख्या डिस्कचा एकच मोठा खण केला, म्हटलं मागाहून बघू, आणि आत कागद चिकटवावा तसं त्याचं फॉरमॅटिंग सुरू केलं. दहा टक्के. वीस टक्के. चाळीस. एक्केचाळीस.

टक्.

एक्केचाळीस. अजून एक्केचाळीस. चहा होऊन गेला तरी एक्केचाळीस. टक्. खर्र.

तिने दुरुस्तीवाल्याला फोन केला. "आत खराब जागा असेल," तो म्हणाला. "वापरलेली डिस्क आहे, होतं असं. फेका. बुधवारी दुसरी आणतो."

बेचाळीस कपाटं सोमवारी. डिस्क बुधवारी. इंचीने फोन ठेवला आणि स्टुलावर बसली. तेच स्टूल, लाटेचं.

बाबा "मी सांगत होतो" म्हणाले नाहीत. ते आपल्या टेबलाकडे गेले, थप्पीतून एक लांब फळी काढली आणि रंधा मारायला लागले. फळीच्या मधोमध, जरा डावीकडे, एक काळीभोर गाठ होती. बाबांनी कानामागची पेन्सिल काढली. गाठीच्या अलीकडे बोटभर जागा सोडून एक रेघ मारली, पलीकडे बोटभर जागा सोडून दुसरी. गाठ म्हटली की तिच्या आसपास भेग सरकायची धास्ती असते, म्हणून बोटभर सोडायचं. मग अलीकडचा तुकडा एका कपाटाला, पलीकडचा दुसऱ्याला, आणि मधली छाट शेगडीत.

त्यांनी त्या दिवशी तीच फळी मुद्दाम काढली की ती सहज हाताला लागली, ह्यावर कारखान्यात आजही दोन मतं आहेत.

इंची उठून उभी राहिली.

* * *

शनिवारी सकाळी आठला तिने डिस्क तपासायचा प्रोग्रॅम लावला. पडद्यावर बारीक चौकोन एकामागून एक भरत जातात. चांगली जागा पांढरी, खराब लाल. दुसरं काहीच घडत नाही. बाबांनी खुर्ची ओढून घेतली आणि मॅच बघावी तसे बघत बसले.

"ह्या बाजूला रेषा सरळ आहेत," ते अर्ध्या तासाने पॉलिशकाकांना म्हणाले.

"जुनं लाकूड," काका म्हणाले.

अकराच्या सुमाराला लाल चौकोन आले. आठ, नऊ, एकमेकांना चिकटून, बरोब्बर एक्केचाळीस टक्क्यांवर. मग पुन्हा पांढरं, थेट शेवटपर्यंत पांढरं. बाबा खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. अख्ख्या फळीत एकच गाठ.

इंचीने प्लायची एक पट्टी कापली, बत्तीस इंच लांब. एक इंच म्हणजे एक जीबी. तिने टेप लावून तेरा इंच एक सूत, म्हणजे तेराच्या पुढे इंचाचा आठवा भाग, इथे गाठ काढली. गाठीचा शेवट साडेतेराच्या अलीकडे. मग अलीकडे बोटभर सोडून साडेबारावर रेघ. पलीकडे बोटभर सोडून चौदावर रेघ. साडेबारापर्यंत पहिला खण, प्रोग्रॅमचा. चौदापासून दुसरा, मापांचा. मधला दीड इंच कुणाचाच नाही.

बाबांनी आपल्या टेपने पट्टी मोजून घेतली. मग दुसऱ्या टेपने.

"पात्याची जाडी धरली का तिने?" त्यांनी काकांना विचारलं. तिला विचारायचं नव्हतं ना.

"ह्यात पातं नसतं, सांगा त्यांना," इंची काकांना म्हणाली.

"मग कापतात कशाने, विचारा तिला."

"आकड्यांनी!"

काकांनी मान हलवली, म्हणजे निरोप पोचला. इंचीने आकडा टाकला: बारा हजार आठशे एमबी. प्रोग्रॅमने क्षणभर विचार केला आणि खण करून दाखवला: बारा हजार सातशे पंचाण्णव. अशा जुन्या प्रोग्रॅमला खणाची कड ठरलेल्या खाचेवरच आणावी लागते, म्हणून जरा इकडेतिकडे होतं. पण हे बाबांना समजावून सांगण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांचा चेहरा उजळला होता.

"पाच गेले," ते म्हणाले. "पात्याने खाल्ले."

 पुढची अडचण मोठी होती. ह्या प्रोग्रॅमला मध्ये जागा सोडायची ही कल्पनाच माहीत नव्हती. तो एका खणाला चिकटवूनच दुसरा खण करायचा. तिने पट्टीकडे बघितलं, मग शेगडीकडे, जिथे कालची छाट अर्धी जळून पडली होती. मग तिने गाठीचाच एक वेगळा खण केला, दीड इंचाचा, आणि त्याच्या पुढे मापांचा. आता तीन खण झाले. आता मधला खण उडवायचा. प्रोग्रॅमने विचारलं, ह्या खणातलं सगळं कायमचं जाईल, नक्की ना?

पॉलिशकाकांनी चष्मा काढला. का काढला ते त्यांनाही ठाऊक नसावं.

इंचीने कळ दाबली. मधला खण गेला, बाकीचे दोन जागच्या जागी राहिले. छाट शेगडीत.

ती प्रोग्रॅम बंद करणार, तेवढ्यात काका म्हणाले, "आणि दार कुठल्या खणाला?"

"काका!" बाबा कडाडले. "तिला सांगायचं नाही!"

"मी कुठे सांगतोय? मी विचारतोय. मला पॉलिश करायचं तर दार माहीत नको?"

इंचीचा हात थांबला. कॉम्प्युटर सुरू होताना कुठल्या खणातून आत शिरायचं, ते त्याला सांगावं लागतं. नाही सांगितलं, तर खण कितीही सुबक असोत, तो दाराबाहेर उभा राहून बोंब मारतो. हे तिला माहीत होतं. म्हणजे त्या क्षणापासून पुन्हा माहीत होतं. तिने पहिला खण चालू खण म्हणून नोंदवला.

बाबांनी ह्याचा विचार बराच वेळ केला. शेवटी निकाल दिला. "ते बोलले. मी नाही बोललो. माझी अट माझ्या तोंडाची होती."

"आणि गाठींचं?" इंची हळूच म्हणाली. खरं तिला लपवता येत नसे. "शुक्रवारी तुम्ही बोलला होतात."

"तू ऐकलंस का?"

"नाही."

"मग ते बोलणं झालंच नाही."

* * *

फॉरमॅटिंग झालं. पहिला खण शंभर टक्के. दुसरा खण शंभर टक्के. ना टक्, ना खर्र. सीडीवरून प्रोग्रॅम चढला, जाड केबल लागली. इंचीने वाचनालयाच्या पहिल्या कपाटाच्या फळीची मापं टाकली, पंचाण्णव सेंटीमीटर आणि तीस. मशीनने घसा खाकरला, पातं फिरलं आणि फळी कापली गेली.

बाबांनी फळी मोजली. पंचाण्णव. दुसऱ्या टेपने मोजली. पंचाण्णव. मग त्यांनी ट्रंकेतून त्यांच्या बाबांचा घडीचा लाकडी गज काढला, जो ते फक्त संशय आला तर काढत. पंचाण्णव. त्यांनी गुण्या लावून चारही कोपरे बघितले. कोपऱ्यांनी त्यांना काहीही तक्रार करू दिली नाही.

मग बाबांनी एक गोष्ट केली, जी पॉलिशकाकांनी तीस वर्षांत बघितली नव्हती. कानामागची पेन्सिल काढून दुसऱ्याच्या हातात दिली.

"कर," ते म्हणाले.

इंचीला आधी कळेचना. "फळीवर?"

"फळी मशीनने कापली. तू काय केलंस?"

तिने डबा पुन्हा उघडला. डिस्कच्या पत्र्याच्या झाकणावर, जिथे कंपनीचं लेबल संपत होतं, तिथे तिने पेन्सिल टेकवली. वहीतल्या त्या दोन झोकदार खुणा तिला आठवल्या. एकीत तर पक्षी होता. तिने एक उभी रेघ काढली. जरा जागा सोडली. एक छोटं वर्तुळ काढलं. जरा जागा सोडली. आणि दुसरी उभी रेघ.

बाबा वाकले, चष्म्याशिवाय, नाक डिस्कला लागेस्तोवर. "हे काय?"

"गाठ. दोन्हीकडे बोटभर सोडून."

बाबा किती तरी वेळ तसेच वाकून राहिले. इतका वेळ, की काकांना वाटलं कंबर धरली. मग ते सरळ झाले, भुशाकडे बघत बोलले, आणि त्यांचा आवाज थोडा पॉलिश नसलेल्या लाकडासारखा आला.

"छान," ते म्हणाले.

कुठल्यातरी कपाटाच्या मागचा प्लाय निघाला होता.

बुधवारी दुरुस्तीवाला दुसरी डिस्क घेऊन आला, तोवर बेचाळीसपैकी अकरा कपाटं कापून झाली होती. मशीन चालू बघून तो दारातच थांबला. "डिस्क कुठून आणलीत?"

"तूच दिलेली," बाबा म्हणाले.

"ती? ती तर खराब होती."

"बस," बाबा म्हणाले, आणि त्याला स्टुलावर बसवलं. मग भिंतीवरून बत्तीस इंचाची पट्टी काढली. ती आता खिळ्याला टांगलेली असे, गाठ दर्शनी भागात. पुढची चाळीस मिनिटं त्यांनी दुरुस्तीवाल्याला हार्ड डिस्क म्हणजे काय ते शिकवलं. रेषा कशा बघायच्या, गाठीला बोटभर का सोडायचं, छाट कधी टाकायची, पातं किती खातं. दुरुस्तीवाला मधेच म्हणाला की पातं नसतं. बाबांनी त्याच्याकडे दयेने बघितलं आणि पुढे गेले.

शेवटी त्यांनी डबा उघडून दाखवला. "वाक. अजून वाक."

दुरुस्तीवाल्याने टॉर्च लावला. "मिस्त्री, ही टोपी लाकडाची आहे?"

"शिसम," पॉलिशकाका मागून म्हणाले. "वर तीन हात."

"आणि ही पेन्सिलची खूण?"

इंची मशीनपाशी होती. मशीनचा आवाज मोठा असतो, तरी तिला सगळं ऐकू आलं. बाबांनी खिशातून टेप काढला, परत आत ठेवला, परत काढला. आजवर हा प्रश्न कुणी विचारला तर ते म्हणायचे, आमच्याकडे एकटा मी खूण करतो, आणि एक हे स्टूलवाले.

"आमच्याकडे आम्ही तिघं खूण करतो," बाबा म्हणाले. "ही सगळ्यात अवघड कामाची आहे. झाकण लाव आता. ती दाखवायची नसते."

आणि दुरुस्तीवाला झाकण लावायला लागला, तेव्हा बाबांनी त्याचा हात धरून त्याला आणखी एकदा बघायला लावलं.